गुरुवारी ते बोलणार आहेत

—नाही गं निहारिका, तेच तर म्हणून राहिले मी, ठराव तुमचा होऊ दे की, कोण नको म्हणतंय, माझी सहीसुद्धा आहे त्यावर—फक्त गुरुवारी तुझ्या काकांना बोलायला उभं करू नकोस. मान मागे टाक जरा. अशी. एका हातानं वरची कातडी वर ताण, दुसऱ्या हातानं पापणी खाली, सैल सोडलीस की दोरा चिमटा काढतो, मग मला बोल लावू नको. का म्हणजे? इंग्रजी, दुसरं काय. इतकी वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, पण किचनमधलं इंग्रजी म्हणजे टू नान, वन कोर्मा, हॉट हॉट, मूव्ह. कौन्सिलच्या त्या हॉलमध्ये समोर सगळे टाय लावून बसलेले, मधे माइक—ततपप होईल त्यांचं. आणि तू म्हणतेस काकू, ते मनापासून बोलतील तेवढं पुरे. मनापासूनच बोलतील गं, मला तीच भीती आहे.

तुझं काम चांगलंच आहे, मी कुठं वाईट म्हणते? सरकार नळाच्या पाण्यात फ्लोराइड टाकतं, मुलांचे दात किडू नयेत म्हणून—बरं, टाकतं. कुणाला ते हवंय, कुणाला नकोय, ते आपल्या इथल्या मलिंगारच्या लोकांना विचारा, त्यांचं मत घ्या, जे ठरेल ते ठरेल—यात गैर काय आहे? काही नाही. पण तूच सांगितलंस ना मागे, याच खुर्चीत बसून, की कायदा सगळा डब्लिनचा, कौन्सिलनं हात वर केले तरी नळाला येणार तेच पाणी. हे लोक फक्त वर विनंती करणार, की बाबांनो, आमच्या पाण्याचं आम्हाला ठरवू द्या. म्हणजे मत द्यायला मिळावं म्हणून मत द्यायचं, असंच ना? आणि वरच्यांनी ऐकलं तर ऐकलं. नाही, मी हसत नाहीये. तू सँडीफोर्डच्या ऑफिसातून दमून यायचं आणि रविवारी पावसात लोकांची दारं वाजवायची, हे मी पाहते ना. मला एवढंच म्हणायचंय की त्यात यांचं एक भाषण कमी झालं तर काय बिघडेल? जाडच ठेवू ना भुवई? मागच्या वेळी बारीक झाली तर तुझ्या ऑफिसातली म्हणाली होती की तू सारखी दचकल्यासारखी दिसतेस. ग्रँड, जाड ठेवते.

आता तू म्हणशील की काकांनाच बोलायचंय. हो, बोलायचंय. का बोलायचंय ते मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचार. यवतमाळकडे त्यांचं गाव, तिथं पाण्यात फ्लोराइड कुणी टाकत नव्हतं, खालच्या खडकातूनच यायचं, आणि इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. गावाला एक हातपंप. एक दिवस जीप आली, दोन माणसं उतरली, पाणी बाटलीत भरून नेलं, पुढच्या खेपेला लाल रंगाचा डबा घेऊन आली आणि पंप लाल करून गेली. म्हणजे याचं पिऊ नका. मग कुणाचं प्यायचं? ते सांगायला कुणी थांबलं नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या, रंग वाळेपर्यंत तेवढ्या थांबल्या बाया, साडीला लागू नये म्हणून, आणि मग पुन्हा घागरी लावल्या. काय करतील दुसरं? ह्यांचं सगळं म्हणणं तेवढंच आहे, की आम्हाला कुणी विचारलं नाही. तिथं आपोआप येत होतं तेव्हा विचारलं नाही, आणि इथं मुद्दाम टाकतात तेव्हा विचारत नाहीत.

आणि ते दात. तू पाहिलेसच ना, त्या दिवशी तुझ्याच मीटिंगमध्ये दाखवले त्यांनी—तपकिरी पट्टे, कडेनं झिजलेले. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या आईला वाटलं तंबाखूचा खर्रा खातो मुलगा. नागपुरात आणखी काय वाटणार बाप्पा? आठ दिवस घरात तेच चाललं, मुलगा हुशार आहे पण व्यसनी आहे. शेवटी हे स्वतः सायकलवर आले आणि आईला म्हणाले, मी सुपारीसुद्धा खात नाही, आमच्या गावात सगळ्यांचेच असे आहेत. आईला काय पटलं कुणास ठाऊक, पण मला पटलं. एवढा सरळ माणूस. पण त्या दिवसापासून, नाही, त्याच्याही आधीपासून, फोटोत हसायचं ते ओठ मिटून. आमच्या अबोलीच्या वाढदिवसाचे सगळे फोटो काढून बघ, बाप आपला मिटल्या ओठांनी उभा. आणि तुझ्या त्या मीटिंगमध्ये तू म्हणालीस, काका, दाखवा ना यांना—आणि त्यांनी दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीत शीळ घालत होते. इतक्या वर्षांत लोकांसमोर तोंड उघडून हसलेला मी पहिल्यांदा पाहिला माझा नवरा, आणि तो तुझ्यामुळे, हे मी विसरत नाही. म्हणून तर तुला हे सांगायला मला किती जड जातंय. दुसऱ्या बाजूला वळ.

दुखतंय का? डोळ्यात पाणी येऊन राहिलं तुझ्या. येतंच, भुवईला येतंच, पूस आणि पुन्हा धर. पूर्वी दोऱ्याचं एक टोक मी दातात धरायचे, तेव्हा माझी बडबड आपोआप बंद असायची. कोविडमध्ये ते गेलं, आता गळ्यात अडकवते, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या कानाला त्रास.

तर, प्रभाकरदादा. माझे मोठे दीर. गावातच राहिले, शेती केली, त्याच पंपाचं पाणी प्याले. त्यांचे नुसते दात नाही गेले, हाडंच धरली. मान वळत नाही, पाठ वाकत नाही. कुणी हाक मारली तर कपाट फिरवावं तसे सगळेच्या सगळे फिरतात. व्हिडिओ कॉल केला की पुतण्या फोन खाली त्यांच्या छातीशी धरतो, कारण मान वर येत नाही, आणि आम्हाला नुसती त्यांची टोपी आणि नाक दिसतं. हे तासभर बोलतात त्या टोपीशी. आणि फोन ठेवला की स्वतःच्या मानेला हात लावून बघतात. मी पाहिलंय. मी पाहिलं की हात खाली घेतात, कॉलर नीट करतात.

कारण यांचंही सुरू झालंय ना. सकाळी उठले की अर्धा तास पाठ लाकडासारखी. हॉटेलात आता तंदूरवर नाहीत, बसून भाज्या चिरतात, मालक बरा म्हणून. गाडी नेहमी अशी लावतात की मागे घ्यायलाच नको, कारण मागे बघता येत नाही. मला सांगतात, इथं काय, मोकळी जागा आहे. हे सुरू झालं आणि त्यांनी ठरवून टाकलं—पाणी. आपल्या हाडात जे गेलंय ते गावचं, आणि वर हे इथलं भर घालतंय. नळ बंद. अबोली सुट्टीत घरी आली होती, तिनं समजावलं, आपल्या पद्धतीनं, म्हणजे इंग्रजीत—डॅड, इट्स अ टायनी अमाउंट, देअरचं आणि हिअरचं सेम नाही. हे म्हणाले, पंप लाल करणाऱ्यानं पण कागदावर आकडा लिहिला होता. अबोली इथल्याच नळावर वाढली, तिचा एक दात किडलेला नाही, हे मला दिसतं. आणि प्रभाकरदादांची टोपीही दिसते. दोन्ही खरं आहे तर मी कोणाच्या बाजूनं मत देऊ, सांग? मला विचारशील तर मला काही कळत नाही. सही केली ती ह्यांनी पेन हातात दिलं म्हणून.

मग विहीर सापडली. कुणीतरी शेतकरी ओळखीचा, त्याच्या शेताच्या कडेला जुनी विहीर आहे, कुठल्यातरी संताची. लोक झाडाला चिंध्या बांधतात, नवस बोलतात, अगदी आपल्याकडच्यासारखं. खाली उतरायला दगडी पायऱ्या. दर रविवारी हे कॅन घेऊन जातात, आजही तिकडेच गेलेत, येतीलच तासाभरात. आल्यावर पेला भरून मला देतात, बघ किती गोड आहे. मी म्हणते, हो, गोड आहे. आणि ते म्हणतात, सुलू, पाठ जरा मोकळी वाटतेय. तुझ्या मीटिंगमध्येही तेच सांगितलं ना, नळाचं पाणी सोडलं आणि मला फरक पडला? आणि गुरुवारी तेच सांगणार, माइकवर. आणि मुळात पाणी विहिरीचं असेल तर ना—

काही नाही. ओठांच्या वरचं करायचंय ना? जीभ आतून लाव वरच्या ओठाला, फुगव. आता बोलू नको.

काही नाही म्हटलं ना. तसं बघू नको माझ्याकडे. बरं, ऐक, पण तुझ्यापाशीच ठेव, तुला शपथ आहे. मागच्या महिन्यात एका नवरीचा मेकअप होता, गावाबाहेर, रविवारीच. तिचा भाऊ मला गाडीनं सोडत होता. फुटबॉलच्या मैदानाशी आलो तर मागच्या बाजूला आमची गाडी. क्लबच्या भिंतीला बाहेरून एक नळ आहे, पोरं बूट धुतात तिथं, त्याच्याखाली आमचा कॅन लावलेला. आणि हे दुसऱ्या रिकाम्या कॅनवर बसलेले. नुसते बसलेले गं. पाणी भरून वाहत होतं तरी उठले नाहीत. मग भिंतीला धरून, एक हात, मग दुसरा हात, असे उठले, आणि ह्या माणसाला, ज्याने इथं येऊन पन्नास पन्नास लोकांचं जेवण एका हातानं उतरवलं, त्याला तो कॅन उचलता येईना. पायानं ढकलत ढकलत गाडीपर्यंत नेला. मी त्या मुलाला म्हटलं, चल पुढे, उशीर होतोय. काय करू दुसरं, उतरू? उतरून काय म्हणू?

त्या पायऱ्या उतरता येत नाहीत त्यांना आता. कधीपासून, मला माहीत नाही. चहाला क्लोरिनचा वास येत होता तेव्हाच मला शंका यायला हवी होती, मला वाटलं किटलीचा असेल. घरी आले ते नेहमीच्याच वेळेला. म्हणजे विहिरीवर जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा कुठंतरी बसून काढून आले. आणि म्हणाले, आज विहिरीवर गर्दी होती. मला पेला दिला. बघ किती गोड आहे. आणि मी म्हटलं, हो, गोड आहे. तेव्हापासून दर रविवारी म्हणते.

नाही गं, खोटारडे नाहीत ते, तसं मनातसुद्धा आणू नको. मला घाबरवायचं नाही म्हणून करतात. पायऱ्या उतरता येत नाहीत हे मला सांगितलं तर प्रभाकरदादांचं नाव कोणीतरी घेईलच, आणि ते नाव त्यांना ऐकायचं नाही. मला वाटतं त्यांचा स्वतःचाही विश्वास बसलाय, की विहिरीचंच आहे. तोंडात घेतात, डोळे मिटतात. आणि तो माणूस गुरुवारी सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार की पाणी बदललं आणि मी बरा झालो. उद्या त्या क्लबचाच कुणी समोर बसलेला असला आणि म्हणाला, हाच तो, युअर मॅन, आमच्या नळावर पाणी भरतो की—तर? तुझा ठराव राहू दे, त्यांचं काय होईल? तो मिटलेला ओठ आत्ता कुठं उघडलाय.

पण तेवढंच असतं तर मी तुला बोलले नसते. लाज गेली तर गेली, आम्ही नवराबायको बघून घेऊ. तुला खरं काय ते सांगते, आता इतकं सांगितलंय तर. गुरुवारी अकराला डब्लिनला मोठ्या डॉक्टरांची वेळ आहे त्यांची. हाडांचे, सांध्यांचे. सव्वा वर्ष थांबलोय आम्ही त्या वेळेसाठी. इथली जीपी आहे ना, आपली नेहमीची डॉक्टर, ती मला स्पष्ट म्हणाली, मिसेस पद्माकर म्हणते ती मला, यांचं नावच आडनाव समजून, म्हणाली, हे पाण्याचंच असेल असं धरून बसू नका, दुसराही एक आजार असतो, अशीच पाठ धरतो, त्याला औषध आहे, इंजेक्शनं आहेत, पण लवकर कळलं पाहिजे, एकदा हाडं जुळली की मग मागे नेता येत नाही. औषध आहे, निहारिका. ती आहे म्हणाली. मी देवासमोर बसले आणि पहिल्यांदा मागितलं, की देवा, दुसराच आजार असू दे. नवऱ्याला आजार असू दे म्हणून मागणारी बाई पाहिलीस कधी?

आणि त्याच गुरुवारी, त्याच अकराला तुमचं कौन्सिल. हे म्हणतात, डॉक्टर काय करणार, पाण्यानं झालेलं पाण्यानंच जाईल, आणि कौन्सिल काही रोज बोलावत नाही. म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय की बाबा, तुला काय वाटतं, आणि तू मला डॉक्टरकडे ने म्हणतेस. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. अबोलीनं फोनवर सांगून पाहिलं. ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, नुसतं बघू म्हणतात. आता माझ्या हातात काय आहे? काही नाही. पण तुझं ऐकतात ते. निहारिका असं म्हणाली, निहारिका तसं म्हणाली, दिवसभर तेच असतं. तू फक्त फोन कर. सांग, काका, वक्ते जास्त झाले, तुमचं पुढच्या वेळी घेऊ. सांग, तुमचे दात सगळ्यांनी पाहिलेत, आता नवीन माणूस हवा. काहीही सांग, खोटं सांग, त्याचं पाप माझ्यावर. त्यांना वाईट वाटेल, चार दिवस बोलणार नाहीत, पण मी त्यांना गाडीत घालून डब्लिनला नेईन. एवढं करशील ना?

झालं, सोड जीभ. अगं, अजून रडतेस? वरच्या ओठाला एवढं दुखत नाही. ही कोरफड लाव. काय झालं? बोल ना. अगं, बोल.

कसली वेळ? अकराची? नाही, ती गुरुवारची आहे, मी सांगितलं ना आत्ता. हाच येता गुरुवार. रद्द म्हणजे?

कुणी सांगितलं तुला? ते बोलले? कधी?

तू?

तू केलास फोन. ह्यांनी तुला सांगितलं म्हणून. फोनवरचं इंग्रजी त्यांना समजत नाही म्हणून. बरोबर आहे, समजतच नाही, नेहमी मीच करते किंवा अबोली करते. आम्हा दोघींना सांगितलं नाही, तुला सांगितलं. साधी पाठीची तपासणी आहे म्हणाले? आणि तुला ते खरं वाटलं. तुझी काय चूक, मलाही खरंच वाटतं त्यांनी सांगितलेलं. नाही, माफी मागू नकोस, मला फक्त सांग, पलीकडून काय म्हणाले ते? नवीन वेळ कधीची दिली?

यादीत पुन्हा. शेवटून.

त्यांना सांगितलंस का, की हे... नाही, तुला कुठं माहीत होतं. उद्या सकाळी पुन्हा करून बघशील का? त्यांना सांग चुकून झालं. ती वेळ दुसऱ्या कुणाला दिली असणार आतापर्यंत, हो ना? दिलीच असणार. किती लोक थांबलेत. आणि समजा परत दिली, तरी ज्या माणसानं स्वतः दुसऱ्याकडून फोन करवून घेतला, त्याला मी उचलून नेऊ का?

मग राहू दे. बोलू दे त्यांना. नाव काढू नकोस, ऐकलंस ना? आता तेही काढलंस तर त्यांच्याकडे काय राहील? त्यांना पहिल्या रांगेत बसव. खुर्ची हातांची दे, बिनहातांच्या खुर्चीतून उठता येत नाही. आणि माइक वर करून ठेव आधीच, त्यांना वाकायला लावू नकोस.

गाडी आली वाटतं. हो, तेच आहेत. ऊठ, कोट घे. इकडून नको, किचनमधून जा, मागच्या दारानं. गाडीतून उतरायला त्यांना हात द्यावा लागतो, आणि तो दिलेला कुणी पाहिलेला त्यांना चालत नाही. जा तू.